मुरगाव बंदराच्या वाटेवर मशिनरी धुण्याचा रॅम्प हवा

संपादक महोदय,

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा गोव्यात कितीतरी पोकलेन, डंपर, लोडर उघड्यावर उभे राहिले. अशी वापरलेली मशिनरी परदेशी गिऱ्हाइकाला विकताना किमतीची घासाघीस महिनाभर चालते आणि पाठवायची तयारी मात्र शेवटच्या दोन दिवसांवर येते. मग मशीन बंदरात अडतं. ते अडवायला आपली तांबडी मातीच पुरते.

वापरलेली वाहनं आणि मशिनरी यांच्याबरोबर किडी, बिया, माती देशोदेशी जाऊ नये म्हणून २०१७ पासून आयएसपीएम ४१ हे वनस्पतींच्या संरक्षणासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. मातीचं ढेकूळ किंवा सुकलेलं पान सापडलं तरी पुन्हा धुण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो, कधी मशीन परतही पाठवतात. फवारा मारला की मशीन चकाचक दिसतं, पण माती बसलेली असते ट्रॅकच्या सांध्यात, ट्रॅक ज्यांवर फिरतो त्या आयडलर आणि रोलर या चाकांच्या मागे, बकेटच्या दातांच्या खोबणीत, रेडिएटरच्या जाळीत, केबिनमधल्या मॅटखाली. पोटाखालच्या गार्ड प्लेटवर ग्रीस आणि मातीचा जो थर साचतो तो बोल्ट काढून प्लेट खाली उतरवल्याशिवाय निघत नाही. ट्रॅक धुवायचा तर बकेट जमिनीला टेकवून मशीनची एक बाजू उचलावी आणि ट्रॅक हळूहळू फिरवत प्रत्येक पट्टी धुवावी, मग दुसरी बाजू. एवढं करून मशीन चिखलातून चालवत ट्रेलरपर्यंत नेलं की सगळं मुसळ केरात. पावसाळ्यात नेमकं हेच होतं.

मशीनखाली घालायच्या लाकडी गुटक्यांचाही असाच विसर पडतो. पॅकिंगच्या लाकडासाठीच्या आयएसपीएम १५ या मानकानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं लागतं. खोक्याला शिक्का असतो, पण आधाराला घातलेले ठोकळे ऐनवेळी जवळच्या गिरणीतून आणलेले, सालासकट. नियम त्यांनाही लागू आहे. प्लायवुडला तो लागत नाही.

कागदपत्रांत चूक होते ती बहुधा सीरियल नंबरात. मशीनच्या पाटीवरचा नंबर इनव्हॉइसमध्ये हाताने उतरवताना शून्याचा ‘ओ’ होतो. सतरा अक्षरांच्या नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, एवढं ठाऊक असलं तरी चूक पकडता येते. पाटीचा आणि चासीवर ठोकलेल्या नंबराचा फोटो सोबत ठेवावा. मशीन कामापुरतं बाहेर जाऊन परत येणार असेल तर ‘गेलं तेच आलं’ हे कस्टम्सला याच नंबरावरून पटवायचं असतं.

रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद माल म्हणजे ओडीसी (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, मापाबाहेरचा माल), त्याला वेगळा परवाना. साधारण २१ टनी पोकलेन रुंद ट्रॅकमुळे ३ मीटरच्या घरात जातं. बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, दुमडून उंचीही तेवढीच. साध्या ट्रेलरचा पाटा दीड मीटरवर, लोबेडचा, म्हणजे बुटक्या ट्रेलरचा, एक मीटरच्या आसपास. हा अर्धा मीटरच गावातल्या विजेच्या तारांखालून सुटायला कामी येतो. उंची कॅटलॉगातून घेऊ नये. मशीन चढवल्यावर बूमच्या वाकणावरच्या हायड्रॉलिक पाइपांपर्यंत मोजावी.

मशीन ट्रेलरवर साखळ्यांनी बांधण्याचा हिशेब मात्र प्रत्येक मालकाने एकदा स्वतः करून बघावा. मशीन २२ टनांचं धरा. जोराचा ब्रेक लागला की वजनाच्या ०.८ पट, म्हणजे १७.६ टन जोर पुढे येतो. रंगवलेल्या लोखंडावर लोखंड असेल तर घर्षण वजनाच्या ०.२ पट. ते ४.४ टन अडवतं आणि उरलेले १३.२ टन साखळ्यांवर येतात. ट्रॅकखाली ०.६ घर्षणाची रबरी मॅट घातली की आकडे उलटतात: १३.२ टन मॅट अडवते, साखळ्यांवर ४.४ टन. दहा मिलिमीटरची ग्रेड ८० (मजबूत पोलादाची) साखळी सरळ ओढीत ६.३ टन धरते, तिरकी बांधली की पुढच्या दिशेने कमी. साखळी मशीनच्या बांधणीच्या कड्यांतच अडकवावी. सिलिंडरच्या रॉडवरून किंवा पाइपावरून नेली तर पहिल्या खड्ड्यातच रॉडला चरा पडतो. वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा ताण द्यावाच लागतो. खवळलेल्या समुद्रात आडवा जोरही ०.८ पट धरतात, रस्त्यावर तो ०.५ असतो. म्हणून रस्त्यासाठी केलेली बांधणी जहाजावर तशीच ठेवून चालत नाही.

सरकारकडे दोनच मागण्या आहेत. वेर्ण्याजवळ किंवा बंदराच्या वाटेवर काँक्रीटचा, तेल वेगळं करणारी टाकी असलेला धुलाईचा रॅम्प उभारावा. तिथून मशीन जमिनीला न टेकता थेट ट्रेलरवर चढलं पाहिजे आणि धुतल्याचं तेलकट पाणी ओहोळात जाता कामा नये. दुसरं, खाणपट्ट्यापासून मुरगावपर्यंतच्या रस्त्यांवरचे पूल, तारा आणि कमानी यांची मोजलेली उंची सार्वजनिक बांधकाम खात्याने जाहीर करावी आणि रस्त्याचं डांबरीकरण झालं की ती पुन्हा मोजावी, कारण डांबराच्या प्रत्येक थरागणिक तारांखालची जागा कमी होते.

— जड मालवाहतुकीतील एक वाचक, वास्को