जखमी कामगारांना पुन्हा कामावर घेण्याच्या प्रशिक्षणाबाबत तक्रार

दि. 12 ऑगस्ट 2024

प्रति,
व्यवस्थापक, प्रशिक्षण विभाग

विषय : 6 व 7 ऑगस्टच्या प्रशिक्षणाचा उपयोग न झाल्याबाबत

महोदय,

आमच्या भोसरीच्या प्रेस शॉपमधील पाच सुपरवायझर आणि टाइम ऑफिसचे दोघे आपल्याकडे दोन दिवस बसले. अपघातानंतर माणसाला परत कामावर कसे घ्यायचे, हा विषय. चहा-नाश्ता उत्तम होता. तक्रार बाकी सगळ्याची आहे.

पहिला दिवस इंग्लंडच्या ‘फिट नोट’वर गेला. तिथला डॉक्टर चिठ्ठीवरच खूण करतो : तास कमी करा, काम बदला, हळूहळू रुजू करा. आमच्या माणसाला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातून एकतर विश्रांतीचे सर्टिफिकेट मिळते, नाहीतर थेट फिटनेसचे. मधली पायरी आम्हालाच बांधायची असते. ती कशी, एवढेच शिकायचे होते.

दुसऱ्या दिवशी एका सुपरवायझरने खरी अडचण मांडली. पॉवर प्रेसवर त्याच्या हाताखालच्या मुलाची उजव्या हाताची दोन बोटे गेली. जखम भरत आली आहे, पण पाना अजून धरवत नाही. घरी असताना त्याला ईएसआयकडून पगाराच्या 90 टक्के मिळतात. चार तास पॅकिंगला बसवून अर्धा पगार दिला, की त्या दिवसाचा लाभ बंद. म्हणजे कामावर येऊन पोरगा तोट्यात! मग पूर्ण पगार द्यायचा, की फिटनेसची वाट पाहायची? आपले प्रशिक्षक म्हणाले, “पॉझिटिव्ह राहा,” आणि पुढची स्लाइड लावली.

वर सल्ला दिला, ‘जमत नसेल त्याचा हिशेब करून टाका.’ लाभ चालू असताना कामगाराला काढायला 1948 च्या ईएसआय कायद्याचे कलम 73 मनाई करते. कुणी हे ऐकले असते तर कोर्टाची पायरी आम्ही चढलो असतो, आपण नव्हे.

सरावाच्या कागदावरचा जखमी कामगार तर जॉन नावाचा, ऑफिसच्या खुर्चीने पाठ धरलेला. सगळे हसले. तो सुपरवायझर तेवढा हसला नाही.

आगाऊ 42,000 रुपये दिले आहेत, उरलेले तेवढेच थांबवले आहेत. ईएसआयची कामे रोज हाताळणारा माणूस पाठवून 31 ऑगस्टपूर्वी एक दिवस मराठीतून पुन्हा घ्या, नाहीतर आगाऊ रक्कम परत करा. येणाऱ्याने आधी तासभर प्रेस शॉपमध्ये उभे राहावे, ही अट समजा.

आपला,
एचआर विभागप्रमुख, भोसरी