गड्ड्याच्या दिवसांतलं पत्र

सोलापूर,
जानेवारी

प्रिय संज्या,

तुझं पत्र तीन दिवस खिशातच होतं. काका गेले त्याच महिन्यात तुला मुलगी झाली, आणि घरातले म्हणतात, वर्षश्राद्धापर्यंत बारसं नको. ते एक असो. पण पोरगी जांभई देते तेव्हा हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते, असं लिहिलंस ना, तिथं मी अडकलो.

काल गड्ड्याचा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेतला, होम बघून आलो. लहानपणी आपलं सगळं लक्ष जत्रेतल्या पाळण्यांकडं. परवा संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं. सात नंदीध्वज, म्हणजे त्या मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, चारी बाजूंनी अक्षता. काल तीच नवरी, म्हणजे शालू नेसवलेली बाजरीची पेंडी, होमात गेली. आणि आज रात्री शोभेचं दारूकाम! मधे एका दिवसाचीही उसंत नाही.

अण्णांचं तुला कधी सांगितलं नव्हतं. मिलमध्ये त्यांची रातपाळी. दिवसा ते झोपायचे, म्हणून आम्ही भावंडं कुजबुजतच वाढलो. १८७७ साली पहिली मिल आली तेव्हापासून अख्खं गाव भोंग्यावर चालायचं, तसं आमचं घरही. मग मिल बंद पडली. आई विड्या वळायला लागली, भाकरीलाही तंबाखूचा वास यायचा. दिवाळीला कपडे नाहीत. आणि मी? मी खूश होतो बे! घरात ओरडता यायचं. त्या वर्षी पहिल्यांदा अण्णांनी मला खांद्यावर बसवून दारूकाम दाखवलं.

मोठेपणी हे आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा धीर करून त्यांना सांगून टाकलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक होतं मला. तुझ्या आईला मीच म्हणायचो, पोराला गप्प करू नको. भोंगा गेला, आता तेवढाच आवाज उरलाय."

बारशावरून कुणाशी भांडत बसू नको. काकूंना विचार, फक्त काकूंना. मला वाटतं, त्या हो म्हणतील.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवतोय. चटणी वहिनींना इतक्यात देऊ नको, बाळंतीण आहे.

आता थांबतो. अण्णांना हल्ली गर्दी सोसत नाही, दारूकाम गच्चीवरूनच बघतो म्हणतात. त्यांना हात धरून वर न्यायचंय.

तुझाच,
बाळ्या