बक्षीस कुणाला द्यायचं, विचारलंस म्हणून

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, यंदा उत्तम शिकाऊ कामगार निवडायच्या समितीत तुला घेतलंय आणि दोन नावांपाशी तू अडकली आहेस. एक अठरा वर्षांचा मुलगा, हात भराभर चालतो, महिन्याच्या तक्त्यात कायम वर. दुसरी सतरा वर्षांची मुलगी, तक्त्यात पाचवी. तिने स्वतःचा बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, कुणी न विचारता आणून दाखवला आणि त्यातच तिचे गुण गेले. मी ‘विचार कर’ एवढंच म्हणून फोन ठेवला. खरं तर मला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडाने बोलायचा धीर झाला नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवरचा पितळी कप तुला आठवतो ना? लहानपणी तू त्यात रंगीत खडू ठेवायचीस. तो मला सतराव्या वर्षी मिळाला, लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, शिकाऊ असताना. त्या वर्षी बक्षीस कशाचं होतं, तर ज्याचे जॉब सगळ्यात जास्त त्याचं. आम्ही सगळेच मोजणीच्या मागे लागलो. एके दिवशी शेवटचा कट जरा खोल गेला आणि पिन तीन शतांश मिलिमीटरने बारीक झाली. लेथवर पिनचं माप जास्त राहिलं तर पुन्हा कापता येतं, कमी झालं की जॉब गेला. मायक्रोमीटर मी दोनदा लावला, आकडा तोच. आणि ती पिन मी चांगल्या पिनांच्या ढिगात सरकवली. पुढे जोडणी विभागात ती बुशमध्ये, म्हणजे पिन जिच्यात बसते त्या नळीत, ढिली बसली. कुणाची म्हणून विचारणा झाली तेव्हा मी मान खाली घालून टूलला धार लावत बसलो.

माझ्या शेजारच्या लेथवरच्या मुलाने त्याच महिन्यात आपल्या दोन बाद पिना उस्तादांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या होत्या. त्याचा आकडा माझ्यापेक्षा दोनने कमी भरला. समारंभात माझं नाव पुकारलं, आई पहिल्या रांगेत बसून रडत होती, आणि तो मुलगा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या वर्कशॉपमध्ये बाकाखाली लपवलेलं स्क्रॅप, म्हणजे बाद झालेले जॉब, वाढलं, ते मी स्वतः पाहिलं. पोरं वाईट नव्हती. कप कशाला मिळतो ते त्यांनी बघितलं आणि तेवढंच शिकली. या वयात बाहेरच्या जगाने पहिल्यांदाच तुमच्याकडे बोट दाखवून ‘हे बरोबर’ म्हटलेलं असतं. त्यातली कित्येक शाळेत मागच्या बाकावर बसून आलेली असतात, कौतुकाची सवय नसलेली. म्हणून ते बोट कुठे रोखायचं याची मला एवढी काळजी वाटते.

तुझ्या समितीत मांडता येईल असं एक सांगतो. वर्ल्डस्किल्स ही कारागिरांची जागतिक स्पर्धा तुला माहीत आहेच. 1950 मध्ये माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालची मिळून 24 मुलं होती, 2024 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला 59 कौशल्यांत सुमारे 1,400 जण उतरले. तिथे सुवर्ण, रौप्य, कांस्य आहेच, पण पदक हुकलं तरी 700 गुणांची रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकाला वेगळं गौरवपदक देतात. हे मला फार पटतं. पहिला एकच येणार, पण चांगलं काम करणारे पाच असतील तर पाचांना तसं सांगायला काय हरकत आहे? आणि जिथे मायक्रोमीटर चालत नाही, नुसती नजर लागते, तिथे तीन परीक्षक शून्य ते तीन गुण देतात. कुणाचे गुण एकापेक्षा जास्त अंतराने वेगळे पडले तर बोलून पुन्हा देतात. तुम्ही समितीत एकेकट्याने कागद भरून मोकळे होता, असं तू म्हणालीस. ते बदलून बघ. आणि निवडीआधी त्या मुलांच्या शेजारच्या मशीनवर उभ्या राहणाऱ्यांना विचार. तक्ता ऑफिसात तयार होतो, माणूस शॉपमध्ये दिसतो.

बक्षीस म्हणून काय द्यायचं याचाही विचार करा. विजेवरच्या शोधांसाठी पुढे गाजलेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे 1805 मध्ये, चौदाव्या वर्षी, लंडनच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षांसाठी शिकाऊ म्हणून लागला. बांधायला येणारी पुस्तकं तो वाचायचा, आणि मालक त्याला वाचू द्यायचा. 1812 मध्ये दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने टिपणं काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवली. 1813 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत त्यांचा मदतनीस झाला. कपाऐवजी तिकीट मिळालं होतं त्याला! तुमच्याकडे टूलरूममध्ये, जिथे हत्यारं आणि साचे बनतात तिथे, महिनाभर उस्तादांच्या हाताखाली राहायची संधी देता आली, तर माझ्या कपापेक्षा ती कितीतरी मोलाची.

आता तुझ्या दोघांबद्दल. तो मुलगा माझ्यासारखा आहे असं मी म्हणत नाही. वेग हाही हातचा गुण आहे, त्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे. त्याचं स्क्रॅप तेवढं नीट तपासा. पण मला विचारशील तर पहिलं नाव त्या मुलीचं. तिचे गेलेले गुण परत देता येत नसतील तर नियम बदला, आणि तो बदल सगळ्या पोरांसमोर जाहीर करा.

प्रमाणपत्रावर ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल’ असं मोघम लिहू नका. माझ्या प्रमाणपत्रावर तसंच लिहिलंय, त्यात ना पिनांची संख्या, ना आणखी काही. तिने काय केलं, कोणत्या दिवशी, कोणत्या जॉबवर, ते सरळ एका वाक्यात लिहा. तिचं नाव तिच्याकडून लिहून घ्या, म्हणजे चूक होणार नाही.

ते वाक्य छापायला देण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. शेजारच्या लेथवरचा तो मुलगा आता माझ्याच वयाचा असेल. त्याचा पत्ता शोधायला मी कालपासून लागलोय.

तुझे,
बाबा