हार्डडिस्क माझ्याकडे आहे, बाबा

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, पूर्ण वाचा, मग रागवा. कॉम्प्युटरची हार्डडिस्क मी काढून पुण्याला आणलीय. रविवारी तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हा काढली. आईला मीच गप्प राहायला सांगितलं, तिला काही बोलू नका. डिस्क नसली तरी स्क्रीनवर तीच 'बूट डिव्हाइस सापडत नाही'ची ओळ येते, म्हणजे तुम्ही अजून बटण दाबून बघत असणार आणि तुम्हाला पत्ताच नसणार, हेच मला दोन दिवस खातंय.

विचारलं असतं तर "राहू दे गं, होईल चालू" म्हणाला असतात. पण तुम्ही सांगितलेलं सगळं मी करून पाहिलं ना. तारीख सारखी मागे जायची म्हणून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला. रॅम काढून सोनेरी पट्ट्या खोडरबरने पुसल्या, तीन बीपच्या जागी एकच बीप आला तेव्हा तुम्ही केवढे खूश झालात! रात्री तुम्ही झोपल्यावर मी कॅबिनेटला कान लावून बसले. टक्, टक्, टक्, जरा थांबून परत टक्. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, वाचणारं हेड तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगतं, त्याला जागा सापडेना की असा आवाज येतो. अशात चालू-बंद करत राहिलं तर तबकडीला ओरखडे पडून उरलंसुरलंही जातं. आणि आजीचे सगळे फोटो तिच्यातच आहेत. २०२१ च्या पुरात फ्रिज सोडून तुम्ही आधी सीपीयू माळ्यावर नेलात, मी विसरले नाहीये.

इथे डेटा काढणाऱ्याकडे दिलीय, बराचसा निघेल म्हणतो, सगळा निघेल असं तो म्हणत नाही म्हणून मीही म्हणत नाही.

तोवर टॅब ठेवून आलेय, अक्षर मोठं केलंय, मराठी कीबोर्ड आहे, तुमचा पत्त्यांचा खेळही टाकलाय. गणपतीत येईन तेव्हा त्याच कॅबिनेटमध्ये एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, बसवू, तिच्यात फिरणारं काही नसतं. नवा कॉम्प्युटर घ्या म्हणत नाहीये. फक्त बँकेचं आपल्या जुन्यावर करायचं नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि ११ त्या मशीनवर चढत नाही.

पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून तुम्ही सीपीयूशेजारी साठचा बल्ब लावायचात, आठवतं? मी त्या उबेला पुस्तक घेऊन बसायचे आणि तिथेच झोपायचे, सकाळी मात्र गादीवर असायचे. मला वाटायचं मीच चालत जाते.

आता ऐका. प्लग काढून ठेवा. टेबलाखाली वाकायचं नाही, गुडघा बघा आधी. एसएमपीएस, तो आतला वीजपुरवठ्याचा डबा, अजिबात उघडू नका, प्लग काढला तरी आत करंट राहतो. त्या फुगलेल्या बॅटरीचा यूपीएस वापरायचा नाही म्हणजे नाही. बीपीची गोळी आठला, साडेनऊला नाही. आई, तू बघ.

आणि आई, कॅबिनेटचे चार स्क्रू तुझ्या जुन्या कुंकवाच्या डबीत आहेत, देवघराच्या फळीवर. रिकामी समजून टाकू नकोस.

तुमची,
चिमी