आई-बाबा, माझा कोट जुना आहे

ती. आई-बाबांस,

सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने माझ्या कोटाचं कौतुक केलं, तो जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतल्याचं मी सांगितलं आणि आई गप्प झाली. बाबांनी घाईघाईने कलमांना मोहर किती आलाय ते सांगायला घेतलं. नंतर आई ताईजवळ म्हणाली, "एवढी शिकून साता समुद्रापार गेली आणि दुसऱ्याचे उतरलेले घालते." ताईने ते मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका, तिने सांगितलं ते बरंच झालं. फोनवर हे नीट बोलता येत नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

आधी पैशांचं. पगार पुरतो, भाडं आणि वीजबिल वेळेवर जातं, शिल्लकही पडते. तेव्हा बाबा, रात्री त्या काळजीने जागू नका. मी या दुकानांत जाते ते हौसेने. इंग्लंडात लीड्सला आल्यापासून जे थोडे आनंद मला अगदी माझे वाटले, त्यातला हा एक.

ही दुकानं कशी असतात ते सांगते. त्यांना इथे चॅरिटी शॉप म्हणतात. लोक आपल्या घरातले चांगले पण नको झालेले कपडे, पुस्तकं, कपबशा पिशवीत भरून आणून देतात. दुकानात बहुतेक बिनपगारी माणसं काम करतात, त्यांत निवृत्त बायका पुष्कळ. त्या कपडे निवडतात, वाफेच्या इस्त्रीने सरळ करतात, मापाप्रमाणे हँगरला लावतात, किमतीची चिठ्ठी टाचतात. विक्रीचा पैसा संस्थेला जातो. कुठे कर्करोगाच्या संशोधनाला, कुठे हृदयविकाराच्या, कुठे अनाथ मुलांना. देणारा आयकर भरत असेल आणि त्याने तसा फॉर्म भरला असेल, तर त्याच्या वस्तूच्या विक्रीतून येणाऱ्या दर पौंडामागे सरकार संस्थेला आणखी २५ पेन्स देतं. पुढे तुमच्या पिशवीतून इतके पैसे उभे राहिले असं पत्रही त्याला येतं. असा हिशेब बाबांना आवडेल हे मला माहीत आहे.

याची सुरुवातही मला फार मोठी वाटते. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा १९४२ साली ऑक्सफर्डमधल्या काही लोकांनी मदतीसाठी समिती काढली. तीच पुढे ऑक्सफॅम ही संस्था झाली. युद्धानंतर तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८च्या सुमारास त्यांचं दुकान सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. आता सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून अशी १०,००० च्या वर दुकानं आहेत. लहानशा गावातही एका रस्त्यावर तीन-चार सापडतात, आणि त्यांत डॉक्टरीणबाई, प्रोफेसर, विद्यार्थी सगळेच शिरतात. कुणी मान खाली घालून जात नाही.

आता तो कोट. आई, तो तुझ्या हातात असता तर तू एवढं बोलली नसतीस. दुरून तपकिरी दिसतो, पण जवळ घेतला की त्यात हिरवा, तांबूस, मधूनच पिवळा असा कितीतरी रंगांचा धागा दिसतो. पावसाळ्यात आपल्या जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढतं तसा. आतल्या बाजूला एक शिक्का शिवलेला आहे, गोल आणि त्यावर क्रूस. ती हॅरिस ट्वीडची खूण. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथेच रंगवलेल्या आणि कातलेल्या लोकरीचं, तिथल्या लोकांनी आपापल्या घरी हाताने विणलेलं कापड असेल तरच ते नाव लावता येतं. १९९३ साली त्यासाठी इथल्या संसदेने कायदा केला. नव्या दुकानात असा कोट कित्येक शे पौंडांना मिळतो. मला १८ पौंडांना मिळाला. कोपरावर कुणीतरी इतक्या बारीक टाक्यांनी रफू केलंय की मला ते घरी आल्यावर दिसलं, आणि मग तो कोट जास्तच आवडला. ज्या बाईने, किंवा बाप्याने, तो रफू केला त्याला कापडाची किंमत ठाऊक होती.

हा आनंद कसा असतो ते मला नेमकं सांगायचंय, कारण तो नुसता स्वस्ताईचा नाही. नव्या दुकानात एकच शर्ट दहा मापांत टांगलेला असतो, निवडायचं काम कंपनीने आधीच केलेलं असतं. इथे पुढच्या हँगरला काय असेल ते कुणालाच माहीत नसतं. मी आधी डोळ्यांनी बघतच नाही. हँगरवरून हात फिरवत जाते. पॉलिस्टर, पॉलिस्टर, ॲक्रिलिक, आणि मग एकदम बोटांना लोकर लागते किंवा जवसाच्या धाग्याचं लिनन लागतं. हात थांबतो. मग शिवण बघायची, काखेत बघायचं, कॉलरची घडी उलटून बघायची, चेन दोनदा वरखाली करायची. मार्क्स अँड स्पेन्सर या इथल्या मोठ्या दुकानाच्या कपड्यावर 'सेंट मायकेल' अशी पट्टी दिसली की मी जास्त वेळ थांबते. ते नाव २००० साली बंद झालं, म्हणजे तो कपडा निदान पंचवीस वर्षं टिकून हातात आलाय. शेवटी दारापाशी जाऊन कापड उजेडाकडे धरायचं, विरलंय का ते बघायला.

आई, हे उजेडाकडे धरणं मी कुठे शिकले सांगू? आपल्या पडवीत. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण यायची. बाबांच्या जुन्या पँटी तू पुढे टाकायचीस आणि ती एकेक पँट उचलून अंगणातल्या उन्हाकडे धरायची. बसायच्या जागी जरा विरळ दिसलं की ती पँट बाजूला. मग तू म्हणायचीस, नीट बघ, हे एस.टी.चं खाकी कापड आहे, गुहागर डेपोतल्या सगळ्यांच्या पँटी फाटल्या तरी ही फाटायची नाही. एका स्टीलच्या डब्यासाठी तुमचं अर्धा तास चालायचं. तुम्हा दोघींना कापड कळत होतं आणि मी खांबाला टेकून ऐकत होते. तुमच्याकडून शिकलेलं मी इथे वापरते, एवढंच.

आता आईच्या मनातली खरी शंका, जी ती ताईजवळही पुरती बोलली नाही. ते कपडे मेलेल्या माणसाचे असले तर?

असतात. ते मी लपवणार नाही. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं कपाट रिकामं करतात आणि पिशव्या या दुकानांत आणून देतात. माझा कोटही तसाच आला असेल. मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मला आपली आजी आठवली. तिच्या लुगड्यांच्या गोधड्या अजून आपण पांघरतो. तिचं सगळ्यात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडून तू ताईच्या बाळाची दुपटी शिवलीस. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. आपल्याकडे जन्मलेल्या जीवाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनं, माणसाने वापरलेलं, आणि ते आपण किती मायेने लावतो. माझ्या कोटाचा मालक माझ्या नात्यातला नाही, हे खरं. पण त्याच्या मुलांनी तो कचऱ्यात न टाकता धुऊन दिला, आणि त्याच्या पैशांतून कुणा आजारी माणसाचं काहीतरी झालं. त्यात अभद्र काय आहे, असं मी स्वतःला विचारलं, आणि मला काहीच सापडलं नाही.

स्वच्छतेचं म्हणशील तर लोकरीचं काहीही आणलं की आधी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवते. कसर लागली असेल तर अंड्यांसकट मरते. मग स्वेटरसारखं धुण्याजोगं असेल तर कोमट पाण्यात हलक्या हाताने धुणं, आणि पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. तू ट्रंकेत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालतेस, त्याच कामाला इथे फ्रीझर. आतले कपडे आणि चपला मी जुन्या घेत नाही.

बाबा, तुमचा राग वेगळ्या जागचा आहे, तो मला कळतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा तुम्ही डेपोतल्या मंडळींबरोबर चिखल उपसायला गेला होता. परत आल्यावर तुम्ही पुरापेक्षा कपड्यांबद्दलच जास्त बोललात. मदत म्हणून आलेल्या गाठोड्यांत फाटके परकर, एकेकटे मोजे, लग्नातले चमकीचे घागरे. ज्यांचं घर वाहून गेलं त्यांच्यापुढे ते ढीग ओतलेले, आणि कुणी हात लावेना म्हणून रस्त्याकडेला भिजत पडलेले. "देणाऱ्याने घर साफ केलं," असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून जुना कपडा म्हटलं की तुम्हाला तोच ढीग दिसतो.

म्हणूनच मला तुम्हाला हे सांगायचंय. कपडा तोच असतो. तो ढिगात ओतला की घेणाऱ्याची मान खाली जाते. इस्त्री करून हँगरला लावला, त्याला किंमत लावली आणि 'हा नको, तो दाखवा' म्हणायचा हक्क दिला, की घेणारा गिऱ्हाईक होतो. भले किंमत दोन पौंड असो. आपल्या देशात 'गूंज' ही संस्था हेच दुसऱ्या वाटेने करते. गावकरी आधी विहीर, बंधारा, रस्ता असं गावाचं काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून नीट निवडलेले कपडे घेतात. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चिपळूणला त्या दिवशी तुम्ही जे बोललात, तेच ते वर्षानुवर्षं करून दाखवताहेत.

इथेही सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. हल्ली पातळ, दोन धुण्यांत लोंबणारे कपडेच जास्त येतात. चांगलं ते लोक मोबाइलवर स्वतःच विकतात. काही दुकानं त्या पातळ कपड्यालाही नव्याएवढी किंमत लावतात, तेव्हा मी रिकाम्या हाताने बाहेर पडते. हॅरोगेटसारख्या सुखवस्तू गावात माल चांगला मिळतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी कधी रेल्वेने तिकडे जाते. आणि जे खपत नाही ते किलोवर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला जातं, त्यातलं बरंच जहाजाने परदेशी.

त्यातलं काही आपल्याकडेही येतं, हे मला इथे येऊन कळलं. लोकरीचे जुने कपडे कांडला बंदरात उतरतात, ते फाडून पानिपतला जातात. तिथे रंगाप्रमाणे ढीग लावून, पिंजून पुन्हा धागा काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण आज ते गाव जगभरच्या जुन्या स्वेटरांवर जगतं. आपत्तीत वाटायची स्वस्त ब्लँकेटं वर्षानुवर्षं बरीचशी तिथूनच गेली. चिंध्यांपासून धागा काढायची ही युक्ती १८१३ साली बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने बॅटली गावात काढली, आणि बॅटली माझ्या घरापासून जवळ आहे. ऑक्सफॅमचं कपडे निवडायचं मोठं केंद्रही आता तिथेच आहे. हे वाचलं त्या दिवशी मला तुम्हाला लगेच फोन करावासा वाटला होता.

एक गंमतही सांगते. एका दुकानात स्कार्फच्या टोपलीत मला रेशमी बांधणीचा दुपट्टा मिळाला, दोन पौंडांना. गल्ल्यावरच्या आजीबाईंना वाटत होतं की ते ठिपके छापलेले आहेत. प्रत्येक ठिपक्यासाठी कापडाची चिमूट दोऱ्याने बांधतात आणि मग रंगात बुडवतात हे मी सांगितलं, तर त्यांनी चष्मा लावून ठिपके बघितले आणि मागच्या खोलीतून दोघींना बोलावून आणलं. त्यांनी तो मला जड मनाने दिला. तो ताईसाठी ठेवलाय.

मी मे महिन्यात येते आहे. जानेवारीत इथे उन्हाळी कपड्यांकडे कुणी बघत नाही, त्यामुळे लिननचे शर्ट अगदी चार-पाच पौंडांना मिळताहेत. आपल्या दमट हवेत लिननसारखं कापड नाही. घाम शोषतं आणि पावसाळ्यातही पडवीतल्या दोरीवर लवकर सुकतं. इथे मेण लावलेली पावसाळी जाकिटंही सुंदर मिळतात, पण ती आणणार नाही, आपल्याकडे एका पावसात त्यांना बुरशी धरेल. बाबा, तुमच्यासाठी दोन शर्ट बघून ठेवलेत, एक पांढरा आणि एक फिकट निळा. माप कळल्याशिवाय घ्यायचे नाहीत म्हणून थांबले आहे. शृंगारतळीला बाजाराला जाल तेव्हा टेलरकडून गळा, खांदा आणि बाही तेवढी मोजून घ्या. गळा इंचांत हवा, इथे बऱ्याच शर्टांचं माप त्यावर असतं. शर्ट जुने आहेत हे मी आधीच सांगितलंय. पटलं तरच माप पाठवा. नाही पाठवलंत तर मी समजून घेईन आणि तुमच्यासाठी नेहमीसारखी खादीची कोपरी घेऊन येईन.

आई, तुझ्यासाठी बटणांचा एक लोकरी स्वेटर मनात आहे, पहाटे तू फुलं काढायला वाडीत जातेस तेव्हासाठी. पण तुझा होकार आल्याशिवाय हात लावणार नाही. हो किंवा नाही ते मला सरळ कळव, ताईकरवी नको.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावणं चालू ठेवा. बोहारीण आली तर आजीची उरलेली दोन लुगडी तिला देऊ नका, ती मला हवीत.

कळावे,

तुमची लेक