‘विमानाएवढा’ म्हणजे किती मीटर?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘विमानाएवढा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार’ अशी चौकट आपल्या अंकात अधूनमधून असते. कधी विमान, कधी बस, कधी क्रिकेटचं मैदान. पण विमान कोणतं? एटीआर ७२ सत्तावीस मीटर लांब, एअरबस ए३८० जवळपास त्र्याहत्तर. शिवाय विमान पोकळ, लघुग्रह दगडाचा.

गणित शिकवण्यात माझी हयात गेली. मुलं हमखास अडायची ती घनफळापाशी. दुप्पट व्यासाचा एक लाडू वळायला आठ लाडवांचा रवा लागतो, हे सांगितलं की चेहरे उजळायचे. ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाचा व्यास सुरुवातीला ४० ते ९० मीटर धरला होता. ऐकायला दुपटीहून थोडं जास्त. वजनात मात्र अकरा पटींचा फरक! दुर्बिणीतून दिसतो नुसता प्रकाशाचा ठिपका. लहान पण उजळ दगड आणि मोठा पण काळपट दगड सारखेच तेजस्वी दिसतात, म्हणून आकडा असा सैल असतो. ‘इमारतीएवढा’ म्हटलं की हा सैलपणा वाचकाला कळतच नाही.

आमच्या लोणारला येणारे पाहुणेही असेच फसतात. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, म्हणून तिथे आदळलेला दगडही तेवढाच धरून चालतात. तो त्याच्या कित्येक पटींनी लहान होता. एवढा खड्डा पडला तो वेगामुळे. रशियात चेल्याबिन्स्कवर २०१३ साली फुटलेला तर अवघा वीस मीटरच्या आसपासचा. तरी दीड हजारांच्या घरात माणसं जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या काचांनी.

‘जवळून’चंही तेच. पन्नास लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या तेरा पट लांब. त्याला जवळ म्हणायचं तर निदान आकडा तरी द्या.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह खरोखरच जवळून जाईल. रुंदी साडेतीनशे मीटरच्या आसपास, पृष्ठभागापासून अंतर सुमारे ३२,००० किलोमीटर. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह याहून लांब, ३६,००० किलोमीटरवर फिरतात. निदान शंभर वर्षं तरी तो आदळणार नाही, हे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्या दिवशी मैदानाचं चित्र छापायचं तर छापा, पण हे आकडे मथळ्याखाली ठळक असू द्यात.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, मेहकर (जि. बुलढाणा)