घरचा रोबो घरच्यांचं ऐकणारा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाल भागात गेली 34 वर्षं मी कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. मार्च लागला की दुकानासमोर पत्र्याचे सांगाडे रांगेनं उभे राहतात. कुणाचा पंप जळालेला, कुणाची वाइंडिंग गेलेली, कुणाच्या टाकीला भोक. त्यातले काही कूलर माझ्या वडिलांच्या हातचे आहेत. वुडवूल नवं घातलं, बुश बदलला, की अजूनही नवतपा निभावून नेतात. कूलर सुरू करायला त्याच्या कारखानदाराची परवानगी लागते असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला दुकानातून चहा पाजून परत पाठवलं असतं. पण तशी परवानगी मागणारं एक यंत्र माझ्याच घरात होतं, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

सौ.च्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर मुलानं झाडू-पोछा करणारा रोबो आणून दिला. 28 हजारांचा. नागपुरात कूलर चालवायचा तर खिडकी उघडी ठेवावी लागते आणि खिडकीतून रस्त्याची धूळ आत येते, म्हणजे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा झाडावं लागतं. ते काम रोबोनं खरोखर उचललं. त्याच्या डोक्यावर लेझरची फिरती टोपी आहे. भिंती, पलंग, खुर्च्यांचे पाय किती अंतरावर आहेत ते मोजत तो घराचा नकाशा तयार करतो. मोबाइलवर त्या नकाशात सौ.नं दोन जागी लाल रेघा आखून ठेवल्या होत्या: एक देवघरासमोरच्या रांगोळीभोवती, दुसरी कूलरखालच्या ओल्या फरशीपाशी.

मे महिन्यात एका सकाळी ॲप उघडेना. पासवर्ड बरोबर, घरचं वायफाय बरोबर. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, ‘या मॉडेलची ऑनलाइन सेवा आता बंद झाली आहे, एक्सचेंजमध्ये नवीन घ्या.’ मी रोबो उघडून पाहिला. मोटर चांगली, बॅटरी चांगली, ब्रश चांगले. वरचं बटण दाबलं की चालायचाही. पण खोली निवडणं गेलं, वेळ लावणं गेलं, लाल रेघा गेल्या. पहिल्याच फेरीत रांगोळी पुसली गेली. एकही भाग खराब नसताना यंत्र निम्मं मेलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो म्हणाला, ‘मामा, तुमचा मोबाइल आणि रोबो एकमेकांशी बोलतच नव्हते.’ सोफ्यावर बसून बटण दाबलं तरी हुकूम आधी कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मोठ्या संगणकावर जायचा आणि तिथून परत आमच्या हॉलमध्ये यायचा. घराचा नकाशाही त्याच वाटेनं बाहेर जात होता. कोणती खोली केवढी आणि आम्ही ती कधी झाडतो, हे सगळं.

यावर उपाय आहे आणि तो अनेक वर्षांपासून आहे, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. डिसेंबर 2017 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग शहरात दोन संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिलं, की अशा रोबोच्या पोटात लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा छोटा संगणकच असतो आणि त्याचा ताबा मालकाला घेता येतो. पुढच्याच वर्षी एका जर्मन प्रोग्रामरनं ‘व्हॅलेट्यूडो’ नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं. आरोग्याच्या रोमन देवतेचं हे नाव. ते रोबोमध्येच बसतं आणि सर्व्हरचं काम घरातल्या घरात करतं. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये रोबोचा घरातला पत्ता टाकला की नकाशा समोर. आमचं मॉडेल त्याच्या यादीत निघालं. भाच्यानं झाकण काढून आतल्या पोर्टला एक छोटा अडॅप्टर जोडला, यूएसबीनं लॅपटॉप लावला, आणि दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग मी राउटरमधली इंटरनेटची वायर उपसून हातात धरली आणि सौ.ला बटण दाबायला सांगितलं. रोबो निघाला. तिनं रांगोळीभोवतीची रेघ त्याच दिवशी पुन्हा आखली.

हे सगळ्यांनी घरी करून पाहावं असं मी म्हणत नाही. वॉरंटी जाते, एक पायरी चुकली तर यंत्र कायमचं बसतं, आणि बाजारातली सगळी मॉडेल्स यादीत नाहीत. ज्यांच्या घरी असा हुशार भाचा नाही त्यांनी काय करायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. अमेरिकेतली निॲटो ही रोबो बनवणारी कंपनी 2023 मध्ये बंद झाली. सर्व्हर आणखी पाच वर्षं चालू ठेवू, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. 2025 मध्येच ते बंद केले, आणि ग्राहकांच्या हाती फक्त यंत्रावरचं बटण उरलं. घरातलं बाहेर गेलं की काय होतं, तेही जगानं पाहिलंय. 2022 मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’नं उघड केलं, की आयरोबो कंपनीच्या ‘रूम्बा’ या झाडू-रोबोच्या चाचणीतल्या यंत्रांनी टिपलेली घरातली छायाचित्रं, एक तर शौचालयात बसलेल्या बाईचं, समाजमाध्यमांवर पोचली होती. ती यंत्रं विक्रीची नव्हती, वापरणाऱ्यांनी संमती दिली होती, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण त्या बाईनं असं छायाचित्र चव्हाट्यावर जाण्याला संमती दिली असेल, हे मला पटत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ ठरवण्यासाठी समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. चांगलं काम आहे. पण त्यातला सगळा भर सुट्या भागांवर, मॅन्युअलवर आणि सर्व्हिस सेंटरवर आहे. माझ्या रोबोचा एकही सुटा भाग खराब नव्हता! सर्व्हर हाही यंत्राचा भाग आहे आणि तो कंपनीनं स्वतःकडे ठेवलेला भाग आहे, हे कायद्यात यायला हवं. खोक्यावर किमतीशेजारी ठळक छापा, की इंटरनेटशिवाय यातलं काय काय चालेल आणि सर्व्हर कोणत्या तारखेपर्यंत नक्की चालू राहील. आणि ज्या दिवशी कंपनी सर्व्हर बंद करेल, त्या दिवशी यंत्र घरातल्या घरात चालवण्याची सोय तिनं मालकाला द्यावी. आयटीआयमध्ये पोरांना वाइंडिंग शिकवतात तसं हेही शिकवावं. माझ्यासारख्यांच्या दुकानात उद्या हीच यंत्रं येणार आहेत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. दसरा-दिवाळीच्या खरेदीआधी आपल्या प्रतिनिधीनं बर्डीवरच्या चार-दोन दुकानांत जाऊन रोबो, कॅमेरे, स्मार्ट गीझर विकणाऱ्यांना एवढंच म्हणावं: इंटरनेटची वायर काढा आणि मग हे चालवून दाखवा. जे दिसेल ते छापावं.

आपला,
एक कूलर-मोटार कारागीर,
महाल, नागपूर